केमोतला थकवा हा हिंमतीचा प्रश्न नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो: "केमोचा थकवा अर्धा मनाचा असतो. हिंमतवाला अंथरूण धरत नाही. बीट-डाळिंबाचा रस घ्या, रक्त वाढेल. मन खचलं की कॅन्सर जिंकतो." माझ्या मावशीला तो केमोथेरपीच्या तिसऱ्या सायकलनंतर, म्हणजे औषधाच्या तिसऱ्या फेरीनंतर, कुणीतरी वाचून दाखवला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

थकवा मनाचा? केमोच्या तडाख्यात बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, रक्त बनवणाऱ्या पेशीही सापडतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हिमोग्लोबिन बहुधा एकदम कोसळत नाही, सायकलगणिक उतरतं. पहिल्या वेळी जिना चढणारा माणूस चौथ्या वेळी न्हाणीघरापर्यंत जाताना धापा टाकतो, तो त्यामुळेही. मॅरोच दबलेला असताना बीट काय करणार? आवडत असेल तर जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर रक्ततपासणी चुकवू नका.

हिमोग्लोबिन बरं असलं तरी थकवा येतो. आजारामुळे आणि औषधांमुळे शरीरात सायटोकाइन नावाची दाहाची रसायनं वाढतात. फ्लूमध्ये जेवण नको, माणसं नकोत असं होतं, तेही याच रसायनांमुळे. ती मनावरही उतरतात. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा हे सायटोकाइनच इंजेक्शनातून देत. त्यांतल्या कित्येकांना औषध सुरू झाल्यावर नैराश्य आलं. त्यांची हिंमत काय सुईनं काढून घेतली होती?

शिवाय डेक्सामेथासोन. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोसोबत हे स्टिरॉइड देतात. ते चालू असताना झोप उडते, अंगात उसनी तरतरी येते. थांबलं की काहींचं शरीर आणि मन दोन्ही खाली येतात. मावशी दोन दिवस कपाटं आवरायची आणि चौथ्या दिवशी रडायची. आम्हाला वाटायचं, ती खचली. हे आम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं.

आणि "मन खचलं की कॅन्सर जिंकतो"? डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांवरच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनःस्थिती आणि किती काळ जगले याचा संबंध आढळला नाही. उदासीवर उपचार जरूर करावेत, तिचा त्रास कमी व्हावा म्हणून. रुग्णाच्या माथी दोष मारण्यासाठी नव्हे.

झेपेल तितकं चालल्यानं थकवा कमी होतो, हे मात्र खरं. मावशी गॅलरीतच फेऱ्या मारायची.

पुढच्या सायकलपासून आम्ही कॅलेंडरवर चौथ्या दिवशी खूण करू लागलो. त्या दिवशी पाहुणे नसत, आणि कुणीतरी तिच्याजवळ बसून असे.