‘वाचलेलं १० टक्के, पाहिलेलं ३० टक्के’: त्या पिरॅमिडला उत्तर

शिक्षकांच्या ग्रुपवर एक चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. रंगीत पिरॅमिड आणि त्याच्या थरांवर आकडे: माणूस वाचलेल्यातलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेल्यातलं २०, पाहिलेल्यातलं ३०, पाहिलं-ऐकलं दोन्ही असेल तर ५०, स्वतः बोलला तर ७० आणि प्रत्यक्ष केलं तर ९०. खाली एडगर डेल यांचं नाव. सोबतच्या मजकुरात आणखी भर असते. मेंदूला मजकुरापेक्षा चित्र ६० हजार पट वेगानं कळतं, आजच्या मुलांचं लक्ष ८ सेकंदच टिकतं, काही मुलं मुळातच ‘दृश्य’ पद्धतीनं शिकणारी असतात. म्हणून खडू-फळा बाद करा, प्रत्येक धडा व्हिडिओ-ॲनिमेशननं घ्या, मुलं रमतील आणि आपोआप शिकतील.

मला पडद्याचं वावडं नाही, प्रोजेक्टर मी सर्रास वापरते. म्हणूनच हा मजकूर खटकतो. चांगल्या साधनाची वकिली इतक्या पोकळ पुराव्यावर कशाला करायची?

‘१०, २०, ३०, ५०, ७०, ९०’

आधी आकड्यांकडेच नीट पाहा. सगळे दहाच्या पटीत. माणसांवर केलेल्या कुठल्या प्रयोगाचे निकाल इतके गुळगुळीत येतात? आणि वाचलं म्हणजे काय वाचलं? कविता, फोन नंबर की कायद्याचं कलम? लक्षात राहिलं की नाही ते कधी तपासलं, तासाभरानं की वर्षानं? हे न सांगता दिलेल्या टक्केवारीला अर्थच उरत नाही.

डेल हे ओहायो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक. दृक्‌श्राव्य साधनांवरच्या १९४६ च्या पुस्तकात त्यांनी ‘अनुभवाचा शंकू’ मांडला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द आणि चिन्हं, मध्ये सहली, प्रदर्शनं, चित्रपट वगैरे. मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी ती एक मांडणी होती. त्यात एकही टक्केवारी नव्हती, आणि तिला चांगल्या-वाईट पद्धतींची उतरंड समजू नका, असं डेल स्वतःच बजावत होते. आकडे छापील स्वरूपात ठळकपणे दिसतात ते १९६७ मध्ये, चित्रफितींविषयीच्या एका मासिकात, तेल कंपनीत काम करणाऱ्या ट्रेकलर नावाच्या गृहस्थांच्या लेखात. ते कुठून आणले, याचा तिथे पत्ता नाही. पुढे कुणीतरी हे आकडे डेलच्या शंकूवर चिकटवले.

या चित्राच्या काही आवृत्त्यांत मिशेलिन ची (Chi) या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८९ च्या शोधनिबंधाचा दाखला असतो. त्या निबंधात हा आलेख नाहीच. गंमत म्हणजे तो अभ्यास होता वाचणाऱ्यांवर. भौतिकशास्त्रातली सोडवून दाखवलेली उदाहरणं वाचताना जे विद्यार्थी थांबून ‘ही पायरी इथे का आली?’ याचं स्वतःलाच स्पष्टीकरण देत होते, त्यांना पुढची उदाहरणं जास्त चांगली जमली. वाचनाला १० टक्क्यांत गुंडाळणाऱ्या चित्राखाली असा दाखला!

‘६० हजार पट’ आणि ‘८ सेकंद’

यांवर फार वेळ घालवायला नको. ६० हजारांचं मूळ शोधायला गेलं की वाट प्रचारसाहित्यात हरवते, प्रयोगापर्यंत पोचत नाही. ‘उद्याची परीक्षा परवावर गेली’ हे एका चित्रात सांगून बघा, म्हणजे वेगाचा अंदाज येईल. ८ सेकंदांचा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या २०१५ च्या अहवालामुळे जगभर पोचला. पण अहवालकर्त्यांनी तो मोजलेला नव्हता, एका संकेतस्थळावरून उचलला होता. ज्या मुलांना आपण ८ सेकंदांची म्हणतो, तीच आवडत्या खेळात तासन्‌तास गढून जातात.

‘काही मुलं दृश्य, काही श्राव्य’

आवड प्रत्येकाची वेगळी असते, यात वाद नाही. पण आवडीच्या माध्यमातून शिकवल्यावर जास्त शिकलं जातं, हा दावा वेगळा आहे आणि त्याचा पुरावाही वेगळा लागतो. ‘दृश्य’ मुलं चित्रांनी जास्त शिकली आणि ‘श्राव्य’ मुलं त्याच चित्रांनी कमी शिकली, असं दिसायला हवं. पॅशलर यांच्यासह चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा असे काटेकोर प्रयोग जेमतेम सापडले, आणि जे सापडले त्यांतले बरेच या कल्पनेच्या विरुद्ध जाणारे निघाले. माध्यम ठरवावं विषय पाहून. नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो आणि उच्चार सगळ्यांनीच ऐकायचे असतात.

‘मुलं रमतील आणि आपोआप शिकतील’

खरी गोम इथे आहे.

रक्ताभिसरणाचं तीन मिनिटांचं ॲनिमेशन लावा. वर्ग चिडीचूप. निळा प्रवाह हृदयात येतो, फुप्फुसाकडे जातो, लाल होऊन परततो, झडपा उघडतात-मिटतात, मागे संगीत. संपल्यावर ‘कळलं?’ विचारलं की एका सुरात ‘हो’. आता कोरा कागद द्या आणि रक्ताचा मार्ग काढायला सांगा. बाण हृदयापाशी येऊन अडखळतात, फुप्फुसाचा फेरा निम्म्या कागदांवरून गायब होतो, आणि कुणीतरी ठामपणे सांगतं की शिरांतलं रक्त खरोखरच निळं असतं! चित्रकारानं सोयीसाठी वापरलेला रंग मुलानं खरा मानला. त्यात त्याची काय चूक?

ॲनिमेशनमधलं दृश्य पुढे सरकलं की आधीचं नाहीसं होतं. ते डोक्यात धरून ठेवत पुढचं समजून घ्यायचं, हे नवख्याला जड जातं. फळ्यावरची आकृती निदान जागची हलत नाही. मग तीच क्लिप तुकड्यांत दाखवा. झडप मिटायच्या आधी थांबवा आणि विचारा, ‘ही मिटली नाही तर रक्त कुठे जाईल?’ वहीत बाण काढू द्या, मगच पुढे चालवा. क्लिप तीच, पण आता डोकी चालायला लागतात.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी याच गोष्टी वर्षानुवर्षं तपासल्या. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र एकत्र असेल तर समज वाढते, हे त्यांच्या प्रयोगांत वारंवार दिसलं. पिरॅमिडवाल्यांनी खरं तर हा आधार घ्यायला हवा होता. पण त्याच प्रयोगांची दुसरी बाजूही आहे. वीज कशी कडाडते हे समजावणाऱ्या निवेदनासहच्या ॲनिमेशनमध्ये विजेविषयीच्या मनोरंजक पण अनावश्यक क्लिप घातल्या, तेव्हा २००१ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांची समज घटली. ऐकू येणारं निवेदनच पडद्यावर मजकूर म्हणून दाखवलं, तेव्हाही घटली. स्लाइडवरच्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या आपल्या समस्त बिरादरीनं हे ध्यानात घ्यावं.

आणि ‘रमणं’? डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या २००८ च्या प्रबंधासाठी भौतिकशास्त्राचे वेगवेगळे व्हिडिओ दाखवून पाहिले. सरळ, सुबक स्पष्टीकरण विद्यार्थ्यांना ‘स्पष्ट’ वाटलं, पण गुण फारसे हलले नाहीत. ज्या व्हिडिओत विद्यार्थ्यांच्या मनातल्या चुकीच्या कल्पना आधी बोलून दाखवल्या आणि मग खोडल्या, तो पाहताना डोक्याला जास्त ताण पडला, आणि शिकणंही जास्त झालं. म्हणजे वर्ग शांत बसून खुशीत पाहतोय, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘खडू-फळा बाद करा’

ही घोषणा नवी नाही. शाळांमधली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं चलत्‌चित्रांनी शिकवता येईल, असं भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्येच केलं होतं.

फळ्याची बाजू घ्यायला मात्र जुन्या आठवणींचे उमाळे लागत नाहीत, मेयर यांचंच काम पुरतं. फिओरेला आणि मेयर यांनी २०१६ मध्ये डॉप्लर परिणामाच्या (आवाज करणारी वस्तू जवळ येताना किंवा दूर जाताना त्या आवाजाची पट्टी बदललेली ऐकू येते, त्याच्या) धड्यावर पाहिलं, की शिक्षक बोलता बोलता आकृती हातानं काढत जातो तेव्हा विषयाची आधी फारशी माहिती नसलेल्यांना आयत्या आकृतीपेक्षा जास्त कळतं. ज्या क्रमानं बोलणं, त्याच क्रमानं रेघ उमटते, आणि नजर कुठे ठेवायची ते शोधावं लागत नाही. हे त्यांनी तपासलं व्हिडिओतच, हात पडद्यावर दिसत असताना. तेव्हा पुढचा धडा तयार करताना गुळगुळीत ॲनिमेशन शोधत बसण्यापेक्षा एखादी आकृती स्वतः काढत काढत मोबाइलवर टिपून पाहायला हरकत नाही.