एका तड्याचा व्यास

आवाज मोठा नव्हता. 'टक्' एवढाच, शेजारच्या खोलीत कुणी बोटं मोडावीत तसा. पण तो शेगडीच्या पोटातून आला आणि माझ्या पोटात गोळा उठला.

आमच्याकडे सिरॅमिकची कोळशाची शेगडी आहे. तिला कमाडो म्हणतात. शब्द जपानी, अर्थ चूल. अंड्यासारखा आकार, जाडजूड भिंती आणि वजन असं की एकदा ठेवली तिथून ती हलत नाही, आपणच तिच्याभोवती फिरायचं. तिच्यात निखारे आणि जाळी यांच्यामध्ये एक जाड गोल थाळी बसते, हीट डिफ्लेक्टर. निखाऱ्यांची आच या थाळीवर आदळते, मग कडेच्या फटीतून वर जाते, घुमटाकार झाकणाखाली घोळते आणि शेगडीची भट्टी होते. म्हणून तर ११०-१२० अंशांवर तासन्‌तास मंद शिजवता येतं. थाळीचं जिणं मात्र कचेरीतल्या हेडक्लार्कसारखं. खालची धग वर पोचू द्यायची नाही आणि वरून जे गळेल ते निमूट अंगावर घ्यायचं.

"कशाने गेला तडा?" बायकोने विचारलं.

"वयाने," मी म्हणालो.

खरं कारण इथे सांगायला हरकत नाही, ती माझं लिखाण वाचत नाही. आदल्या दिवशी मला स्वच्छतेचा झटका आला होता. थाळीवरचे चरबीचे काळे डाग बघवेनात, म्हणून मी ती बादलीत भिजत घातली. ही थाळी धुवायची नसते. खरवडायची, किंवा पुढच्या वेळी उलटी ठेवायची म्हणजे निखारेच डाग जाळून टाकतात. सिरॅमिक सच्छिद्र, ते पाणी पितं, आणि पाण्याची वाफ झाली की तिला १,६०० पटींहून जास्त जागा लागते. एवढी जागा बिचारी थाळी कुठून देणार? त्यात दुसऱ्या दिवशी कोळसा पेटवताना मी तिला आत ठेवायचंच विसरलो. निखारे लालबुंद झाल्यावर आठवण झाली आणि ती ओलसर, गारढोण थाळी मी तशीच त्यांच्यावर टेकवली. हौसेने धुतली आणि हौसेनेच मारली.

नवी थाळी घ्यायची तर आधी माप हवं. मला वाटलं, शेगडी १८ इंची म्हणून विकत घेतली, तर थाळीही १८ इंची. पण ते १८ इंच जाळीचे. थाळी त्याहून लहान हवी, कारण कडेने गरम हवेला वाट लागते. थाळी मोठी झाली तर वाट बंद, हवेची ओढ संपली आणि निखारे गुदमरले. लहान झाली तर कडेने थेट आच वर येते, आणि वरच्या जिन्नसाचा कडेचा भाग कोळसा नि मधला कच्चा. म्हणजे मोडक्या थाळीचाच व्यास मोजायला हवा.

मोजून बघा कधी! तडा मधोमध गेला नव्हता. एक तुकडा अर्ध्याहून थोडा मोठा, एक थोडा लहान, आणि दोघांमधली एक कपची निखाऱ्यांत पडून राखेला मिळालेली. तुकडे जुळवून टेप लावली तर पहिल्यांदा ३७ सेंटिमीटर, दुसऱ्यांदा ३९, आणि तिसऱ्यांदा टेपच सुटून बोटावर आली. मी बोट चोखत बसलो असताना मुलगी आली. मोठ्या तुकड्याच्या कडेवर तिने खडूने दोन जीवा काढल्या, दोन्हींचे लंबदुभाजक काढले, ते जिथे छेदले तिथे टिंब दिलं. "बाबा, हा केंद्र. आता इथून कडेपर्यंत मोज आणि दुप्पट कर." एकोणीस. दुप्पट अडतीस. भूमितीचा आयुष्यात काय उपयोग, असं मी शाळेत जे विचारत असे, त्याचं उत्तर मला शेगडीपाशी उकिडवं बसून मिळालं.

माप मिळालं, पण पदार्थ? इथून पुढे सल्लागारांचा सुकाळ. एक मित्र म्हणाला, ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा टाक. ग्रॅनाइटमध्ये वेगवेगळी खनिजं, ती तापली की प्रत्येक आपापल्या चालीने फुगणार आणि दगडाच्या कपच्या उडणार. म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसरा म्हणाला, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा काप. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि फार तापलं की त्याचा धूर आरोग्याला बाधतो. चरबीच्या डागांचं दुःख त्यापेक्षा बरं. बिडाची थाळी मला पटत आली होती. तापून-निवून सिरॅमिकइतकी सहज तडकत नाही, पण ती आच अडवण्यापेक्षा स्वतःच तापून वर फेकण्यात पटाईत, शिवाय ओल लागली की गंजते.

शेवटी सगळ्या वाटा कॉर्डिएराइटपाशी येऊन थांबल्या. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका यांचं हे सिरॅमिक तापल्यावर फारच थोडं प्रसरण पावतं, म्हणून मडकी भाजायच्या भट्टीतल्या फळ्या याच्या करतात. गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली मधाच्या पोळ्यासारखी जाळीही बहुतेक याचीच. हे मी जेवताना सविस्तर सांगितलं. कन्व्हर्टरपाशी पोचलो तेव्हा टेबलावर मी एकटाच होतो.

पदार्थ ठरला तर आकाराचा घोळ. एकसंध गोल, तीन पायांची, की दोन अर्धचंद्र? अर्धचंद्रांवर माझा जीव जडला. एक बाजूला ठेवायचा, दुसरी बाजू उघडी. एकाच वेळी अर्ध्या शेगडीत मंद आच, अर्ध्या शेगडीत भडका. थाळी ज्यावर टेकते ते कडं, आडव्या दांडीचं, त्यांच्यासोबतच येतं. आमचं जुनं कडं तीन टेकूंचं, त्यावर अर्धा तुकडा ठेवला की तो झोक जाऊन थेट निखाऱ्यांत. तीन आठवडे रोज रात्री मी हे अर्धचंद्र बघत होतो. बायको म्हणाली, इतक्या वेळात लोकांची लग्नं जुळतात.

परवा खोकं आलं. भुसा बाजूला करून मी दोन्ही तुकडे टेबलावर अलगद मांडले. फिकट पिवळसर, कोरे, कडा धारदार. बायकोने डोकावलं.

"हे तर तुटलेलंच आलं!"

"तुटलेलं नाही गं, ते तसंच असतं. ही दांडी आहे ना, तिच्यावर दोन्ही अर्धे बसतात."

तिने दांडीचं कडं उचललं, शेगडीत बसवलं. मग कोपऱ्यातल्या पोत्यातून आमच्या जुन्या थाळीचे दोन तुकडे काढले आणि त्यावर ठेवले. बसले. कपची गेलेल्या जागी बोटभर फट राहिली, बाकी काही नाही.

"नुसती दांडी मिळत नव्हती का?" तिने विचारलं.

मी भुसा गोळा करत होतो.