भाडं राजाच्या खिशात

लेख आवडला, पण अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडकडून लढलेल्या हेसियन (म्हणजे भाड्याने दिलेल्या जर्मन) शिपायांना सरसकट ‘पैशासाठी लढणारे’ म्हटलंय ते पटलं नाही. भाडं खाल्लं ते त्यांच्या राजांनी! इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने सहा जर्मन संस्थानांकडून मिळून जवळपास 30,000 माणसं घेतली, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या हेसे-कासेलची. शिपायाला काय, पगार आणि बोटीत कोंबून अटलांटिकपार रवानगी. त्यातल्याच ब्रन्सविक संस्थानाच्या करारात तर एका मेलेल्या शिपायामागे राजाला ठरलेली रक्कम होती, आणि तीन जखमी म्हणजे एक मेलेला असा हिशोब! बैलबाजारातसुद्धा इतकं उघड बोलत नाहीत. 26 डिसेंबर 1776 ला अमेरिकेतल्या ट्रेंटनला अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनने यातले सुमारे 900 जण पकडले. पुढे हजारो हेसियन परत गेलेच नाहीत, तिकडेच शेती करून राहिले. घरी होतं काय म्हणा.

जाता जाता: 1780 च्या दशकात हॅनोव्हर या जर्मन संस्थानाच्या दोन पलटणी मद्रासकडेही आल्या होत्या, कंपनी सरकारसाठी. त्याच हॅनोव्हरचा पोलमन पुढे शिंद्यांच्या चाकरीत शिरला आणि 1803 मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलेस्लीसमोर आपल्या कवायती पलटणी घेऊन उभा राहिला. असई आमच्या जालन्यातलं. या पोलमनवरही लिहा की कधीतरी.