हीथक्लिफकडे पैसा आला कुठून?

पुस्तक आवडलं की नाही, या साध्या प्रश्नाला आमच्या वाचनमंडळात कुणी सरळ उत्तर देत नाही. "आवडलं म्हणजे काय, आवडलंच की. पण त्या थोरल्यानं तसं वागायला नको होतं," असं म्हणून जो तो थोरल्यावर घसरतो. तिथून पुढे चर्चा पुस्तकाची राहत नाही, त्या घरच्या माणसांची होते. आणि ती माणसं जणू आमच्याच सोसायटीत राहतात, मेंटेनन्स थकवतात आणि जिन्यात चपला काढतात. या मंडळाचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे. माझं अक्षर बरं आहे, एवढ्या गुन्ह्यावर ते गळ्यात पडलं. मतं मांडणारे मांडून घरी जातात. मी ती वहीत उतरवून पुढच्या बैठकीत वाचून दाखवते, आणि वाचून झाल्यावर सगळ्यांचं म्हणणं एकच: "मी असं म्हणालोच नव्हतो."

या खेपेला पुस्तक होतं एमिली ब्राँटेचं 'वुदरिंग हाइट्स'. १८४७ सालची कादंबरी, यॉर्कशरच्या ओसाड माळरानावरची. दोन घरं, दोन पिढ्या, रस्त्यावरून उचलून आणलेला हीथक्लिफ नावाचा एक पोरगा, त्याचा सूड, खिडकीवर टकटक करणारं भूत आणि दर चार प्रकरणांआड एक तिरडी. हे पुस्तक सुचवलं ए विंगमधल्या ताईंनी. त्यांचा मुलगा लीड्सला असतो. त्यानं त्यांना हॉवर्थला नेलं होतं, ब्राँटे बहिणींच्या गावी. घर बघितलं, तिथवर ठीक होतं. मग मुलगा म्हणाला, कादंबरीतलं घर बघायला चल, टॉप विदन्स म्हणून जागा आहे. माळावरून तीनेक मैल चाल, वारा असा की बोललेलं तोंडातल्या तोंडात परत जावं, वाटेत दिशादर्शक पाट्या इंग्रजीत आणि जपानीत. (जपानी वाचक तिथे इतके येतात. आपल्याकडे सासवडला अत्र्यांच्या नावानं कुणी अशी पाटी लावली तर मला सांगा.) गुडघे धरत ताई वर पोचल्या, तर पडक्या भिंती आणि त्यावर ब्राँटे सोसायटीनं १९६४ मध्ये लावलेली पाटी: ही इमारत धड उभी होती तेव्हाही कादंबरीतल्या घराशी तिचं काही साम्य नव्हतं, फार तर जागा लेखिकेच्या मनात असावी. "हे खाली पायथ्याशी लिहायला काय झालं होतं?" हे ताईंचं मत मी इतिवृत्तात पहिलं लिहिलं. पुस्तकाबद्दल त्यांचं दुसरं मत नाही.

बैठकीला पंधरवडा होता तेव्हाच फोन सुरू झाले. सगळे नावांपायी. आईचं नाव कॅथरिन, ती निम्म्या पुस्तकात मुलीला जन्म देऊन मरते, आणि त्या मुलीचं नाव ठेवतात कॅथरिन. तिच्या नवऱ्याचं, एडगरचं, आडनाव लिंटन. त्याची बहीण इझाबेला हीथक्लिफबरोबर पळून जाते आणि आपल्या मुलाचं नाव ठेवते लिंटन, म्हणजे माहेरचं आडनाव. शिवाय हिंडली, हेअरटन, हीथक्लिफ हे तिघंही एकाच अक्षराचे. मी कणिक मळत असताना दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन: "अहो, कॅथरिन गेली ना? मग ही कुंपणावरून उडी मारतेय ती कोण?" शेवटी मी मेंटेनन्सच्या बिलाच्या पाठीमागे दोन्ही घरांची वंशावळ काढली आणि झेरॉक्स करून लिफ्टमध्ये चिकटवली. मेलेल्यांच्या नावापुढे फुली. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी विचारलं, फुल्या कुणाच्या, थकबाकीदारांच्या का?

बैठकीला तोंड फोडलं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. त्यांनी आयुष्यभर कर्ज खातं सांभाळलं, त्यामुळे प्रेमप्रकरणाची पानं त्यांनी अशीच उलटली होती. त्यांचा मुद्दा एकच. हा हीथक्लिफ घरातून निघून जातो तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी जातो. तीन वर्षं पत्ता नाही. परत येतो तो साहेब होऊन, खिशात पैसा. "उत्पन्नाचा स्रोत?" काकांनी चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं की आमच्यातच कुणीतरी ते दडवलंय. लेखिकेनं ते खरंच सांगितलेलं नाही, कुठेच नाही. पोरगा सापडला लिव्हरपूलच्या रस्त्यावर, आणि ते तेव्हा गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर, म्हणून अभ्यासक तर्क लढवत बसलेत. काकांना तर्क मान्य नाही. शिवाय त्याला नाव एकच. तेच नाव, तेच आडनाव, आणि तेही त्या घरात लहानपणी गेलेल्या एका मुलाचं. "केवायसी कशी करणार याची?" काका म्हणाले. मी लिहून घेतलं.

इथे वकीलसाहेब पुढे सरसावले. मालमत्तेचं प्रकरण निघालं की त्यांना कंठ फुटतो. थोरल्या कॅथरिनचा भाऊ हिंडली जुगारापायी जमिनीचा तुकडा न् तुकडा गहाण टाकतो, पैसे पुरवणारा हीथक्लिफच, त्यामुळे हिंडली दारू पिऊन मेल्यावर घर आपोआप याच्या ताब्यात. हे पहिलं घर. दुसऱ्याचं प्रकरण आणखी बारीक. एडगरच्या बापानं, म्हाताऱ्या लिंटननं, मृत्युपत्रात तजवीक केलेली की एडगरला मुलगा झाला नाही तर वतन त्याच्या मुलीकडे न जाता बहिणीच्या शाखेत जावं. म्हणून हीथक्लिफ आपल्या मरायला टेकलेल्या पोराचं लग्न एडगरच्या मुलीशी लावून देतो, तेही तिला कोंडून ठेवून. पोरगी सून झाली की तिच्या नावावरचं नवऱ्याचं. इंग्लंडात बायकोला स्वतःची मिळकत स्वतःकडे धड ठेवता यायला १८८२ चा कायदा यावा लागला. नवरा मेला की त्याच्या मृत्युपत्रानं दोघांची जंगम मिळकत बापाची. जमिनी अज्ञान पोराला लिहून देता येत नव्हत्या, त्या बापानं हक्क सांगून दाबल्या. वकीलसाहेब हे सांगताना इतके खूश होते की त्यांच्या सौभाग्यवतींनी मध्येच विचारलं, तुमच्या ओळखीचा आहे का तो?

आणि ही पोकळ बढाई नव्हे. १९२६ मध्ये सी. पी. सँगर नावाच्या इंग्रज बॅरिस्टरनं या कादंबरीवर एक छोटा प्रबंध लिहिला. लेखिका सन मोजकेच सांगते, पण त्यानं ऋतू, वयं, सुगी, चांदणं यांवरून सगळ्या घटनांचा काळ बसवून दाखवला, आणि वारसाहक्काचा कायदाही तपासला. कायदा बरोबर निघाला. गावच्या पाद्र्याची मुलगी, शाळा अशी जेमतेम, तिनं वाटणीपत्र चुकवलेलं नाही. मला विचाराल तर त्या पुस्तकातली सगळ्यात भयंकर गोष्ट भूत नव्हे, हीच. भुताला दार लावून घेता येतं. वकीलसाहेबांना मात्र एक गोष्ट फार लागली होती. एडगर मरताना मुलीच्या पैशाची सोय करायला वकिलाला बोलावतो आणि तो वकील हीथक्लिफला विकला गेलेला असल्यानं वेळेवर येतच नाही. "अख्ख्या पुस्तकात वकील एक, आणि तोही असा. लेखिकेचा आकस दिसतो." लिहून घेतलं.

बायकांच्या बाजूला निराळंच चाललं होतं. आमच्याकडच्या, सांगलीच्या एक मावशी आहेत, त्यांनी लिफ्टमधली वंशावळ पाठ केली होती. त्या म्हणाल्या, "पोरीचं पहिलं लग्न आतेभावाशी. म्हणजे त्यानं मामाची मुलगी केली. रीतसर आहे, हक्काची असते ती. मग दुसरं ठरलं मामेभावाशी. म्हणजे हिंडलीच्या त्या हेअरटननं आत्याची मुलगी केली. आपल्यात ते चालत नाही." सगळ्या क्षणभर गप्प. मावशींनीच पुढे सांगितलं, "पण बघा, रीतसर होतं ते नासलं, आणि चालत नाही त्यात पोरगी हसली." यानंतर मामेबहिणी-आतेबहिणींच्या लग्नांच्या इतक्या खऱ्या कथा निघाल्या की यॉर्कशर फिकं पडलं. त्या कथा मी इतिवृत्तात घेतल्या नाहीत; त्यातल्या काही जोड्या खोलीत बसल्या होत्या.

डॉक्टरांचं मत थोडक्यात: पाणी. सगळी माणसं विशी-तिशीत जातात ती प्रेमानं नव्हे, ओलीनं, क्षयानं आणि घाण पाण्यानं. हेही हवेतलं नाही. १८५० मध्ये हॉवर्थच्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली, तेव्हा तिथल्या मृत्यूचं सरासरी वय निघालं २५.८ वर्षं. एमिली स्वतः १८४८ च्या डिसेंबरात गेली, तिशीतच. अप्पांनी पुस्तक वाचलंच नव्हतं. त्यांनी याच कथेवर बेतलेला दिलीपकुमारचा १९६६ चा 'दिल दिया दर्द लिया' पाहिला होता, आणि प्राणसारखा भाऊ यात नाही, असा शेरा मारून ते बटाटेवड्याकडे वळले.

आपलीच माणसं अशी, असं वाटून मी मग थोडं जुनं धुंडाळलं. कादंबरी आली तेव्हाचे लंडनचे परीक्षक तरी पुस्तकाबद्दल बोलले असतील. कसले! १८४८ च्या जानेवारीत 'एक्झामिनर'नं लिहिलं: रानटी, गोंधळलेलं, विस्कळीत, अशक्य कोटीतलं. एकानं मात्र प्रामाणिकपणे म्हटलं की पुस्तक विचित्र आहे, पण हातात घेतल्यावर संपवल्याशिवाय ठेवता येत नाही. कवी रोझेटीनं मित्राला कळवलं की गोष्ट घडते नरकात, फक्त तिथे माणसांची आणि गावांची नावं इंग्रजी आहेत. आणि सख्खी बहीण शार्लट! एमिली गेल्यावर १८५० च्या आवृत्तीला तिनं प्रस्तावना लिहिली, आणि त्यात म्हणते, हीथक्लिफसारखी माणसं निर्माण करणं योग्य की नाही मला ठाऊक नाही, मला तरी तसं वाटत नाही. भावकी ती भावकीच. हे पुस्तक छापायला प्रकाशकानं दोघी धाकट्या बहिणींकडून पन्नास पौंड आधी घेतले होते, हे ऐकून आमच्यातल्या दोन कवींनी मान डोलावली; त्यांचे संग्रह याच पद्धतीनं निघालेत. एमिलीच्या लिहायच्या पेटीत नंतर पाच परीक्षणांची कात्रणं सापडली. तिनं ती जपून ठेवली. उत्तर एकालाही दिलं नाही. मला तिचा हेवा वाटतो. तिला ती बैठकीत वाचून दाखवायची नव्हती.

सगळ्यात वेगळं बोलल्या आमच्या सासूबाई. त्यांना आता बारीक टाइप दिसत नाही, म्हणून दुपारी मेथी निवडताना मी त्यांना एकेक प्रकरण सांगत असे. त्या ऐकत, आणि मी देठासकट पानं टाकली की ती गुपचूप वेचून घेत. बैठकीत सगळे हीथक्लिफला धुवून काढत असताना त्या म्हणाल्या, "सगळं त्या कामवालीनं केलं."

म्हणजे नेली डीन. ही सगळी कादंबरी तीच सांगते, नव्यानं भाड्यानं आलेल्या, सर्दीतापानं पडलेल्या लॉकवुड नावाच्या माणसाला, शिवणकाम घेऊन शेजारी बसून. सासूबाईंचं बोट एकाच जागी होतं. स्वयंपाकघरात थोरली कॅथरिन नेलीला सांगते की हीथक्लिफशी लग्न करणं मला कमीपणाचं आहे. हीथक्लिफ बाकामागे बसून ऐकतोय. तो उठून जातो. नेली त्याला जाताना बघते आणि गप्प बसते. आणि मग कॅथरिन खरं ते बोलते, की मीच हीथक्लिफ आहे. तोवर तो उंबऱ्याबाहेर. "एक शब्द बोलली असती, 'अगं, तो बसलाय,' तर तीनशे पानं वाचली असती," सासूबाई म्हणाल्या. कुणी हसलं. पण १९५८ मध्ये जेम्स हॅफ्ली नावाच्या अभ्यासकानं एक अख्खा लेख लिहून हेच मांडलं होतं, की या कादंबरीची खलनायिका नेली. सासूबाईंना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्याच्याकडेही कामवाली असेल.

मला नेलीची बाजू घ्यावीशी वाटली. ती दोन्ही घरांत वावरलेली. चिठ्ठ्या तिच्या हातून जातात, किल्ल्या तिच्याकडे, कोण रडलं तिला ठाऊक, आणि सांगताना ती स्वतःला नेहमी बरोबर ठरवते. तिच्याशिवाय ही कथा कळणारच नव्हती. दुसऱ्यांच्या घरातलं इतकं मन लावून लक्षात ठेवणं ही काय सोपी गोष्ट आहे? पण इतिवृत्त लिहिणाऱ्यानं मत द्यायचं नाही, असा मंडळाचा नियम आहे.

चर्चा संपत आली तेव्हा आमचा सगळ्यात तरुण सभासद बोलला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आईबरोबर येतो, वडे खातो. म्हणाला, "मला हीथक्लिफचं पटतं." बस्स, एवढंच. कानांच्या पाळ्या लाल. खोलीतल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी त्याच्या आईकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. त्याची आई. हातात रिकामा डबा, म्हणजे काहीतरी परत करायच्या निमित्तानं आलेली. चप्पल काढता काढता म्हणाली, "वहिनी, काल तो असं का म्हणाला हो? तुमच्याशी बोलतो तो. कुणी आहे का? आमच्याकडे तोंड उघडत नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर..."

आता मला ठाऊक होतं. सी विंगमधली आहे, सीए करते, घरचे नको म्हणताहेत, आणि गणपतीत आरतीच्या ताटाआडून काय काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी गॅस बारीक केला, चहाचं आधण ठेवलं, मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि म्हटलं, "बसा निवांत. मुळापासून सांगते."