भातलावणीच्या पाण्याने अंडाशयात गाठ होत नाही

गुहागरच्या आमच्या आत्याचं पोट महिनाभर फुगतंय. वय एकसष्ट. सोनोग्राफी करू म्हटलं, तर तिने मोबाइल पुढे केला. महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज: अंडाशयात गाठ होते ती लावणीच्या गार पाण्यात उभं राहून, कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनी आणि ऑपरेशनने, पावडर लावल्याने. आईला नसेल तर मुलीला भीती नाही. कोकमाचा काढा घ्या, चाळीस दिवसांत गाठ विरघळते.

पाय चिखलात गारठले म्हणून ओटीपोटात गाठ धरत नाही. जन्मभर भात लावणाऱ्या बायकांच्या माथी हे मारू नका.

गोळ्यांचं तर साफ उलट आहे. २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २१ देशांतल्या ४५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला. गोळ्या पंधरा वर्षं घेतलेल्यांत अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका जवळपास निम्मा झालेला दिसला. नळ्या बांधण्याच्या ऑपरेशननेही तो कमीच होतो. बीपी असेल तर गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, ते वेगळं. पण मेसेज वाचून कुणी आशाताईने दिलेली माला-एन ही कुटुंबनियोजनाची गोळी बंद केली, तर नको असलेलं बाळंतपण तिलाच निस्तरावं लागणार.

पावडरीत थोडं तथ्य आहे, मान्य. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पावडरीत असणाऱ्या टाल्क या खनिजाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. माणसांमधला पुरावा मात्र मर्यादितच आहे. जांघेत लावू नका, संपलं.

खरा राग काढ्याचा. पाळी चालू असताना बीज तयार होताना पाण्याच्या गाठी होतात, त्यातल्या बहुतेक दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात. त्या काळात काढा घेतला की श्रेय काढ्याला! पाळी गेल्यावर बीज तयार होणंच थांबतं, तिथे 'आपोआप जाईल' धरून बसता येत नाही. आणि हा कॅन्सर जास्त करून पाळी गेल्यानंतरच होतो. चाळीस दिवस काढ्यात घालवायचे ते नेमके याच वयात?

'आईला नसेल तर' हेही खोटं. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही येतो. आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर भावाच्या मुलींनी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), लठ्ठपणा, एकही बाळंतपण न होणं यांनीही धोका थोडा वाढतो.

पोट सतत फुगतंय, दोन घासांत भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, ओटीपोट दुखतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबू नका. डॉक्टरांना गाठा, सोनोग्राफी करा.