बायोचार टाकला म्हणून कंपोस्ट थांबवू नका

"बायोचार एकदाच मातीत मिसळा, मग आयुष्यभर खत नको. भाजीचं उत्पादन दुप्पट. कुठलाही कोळसा किंवा राख चालते. अॅमेझॉनची काळी माती हा पुरावा." हा संदेश फार फिरतोय आणि त्याने भाजीचे वाफे बिघडतात, म्हणून हे लिहितोय.

"खत नको." बायोचार मुळात खतच नाही. काडीकचरा कमी हवेत साधारण 350 ते 700 अंश सेल्सिअसला भाजला की उरतो तो सच्छिद्र कार्बन. सूक्ष्मजीवांना तो सहजी कुजवता येत नाही, म्हणून तर तो शेकडो वर्षं टिकतो. आणि जे कुजत नाही, त्यातून पिकाला नत्र कुठून मिळणार? तो ओलावा आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतो, पण ती आणायची कंपोस्टनेच. कोरा बायोचार थेट वाफ्यात गेला तर उलट मातीतलंच नत्र काही काळ अडकू शकतं. मग खालची, जुनी पानं फिकट पिवळी पडतात, शेंडा हिरवा राहतो आणि रोप तिथेच थांबतं. त्यापेक्षा तो ओला करून (धूळही नाकात जात नाही) कंपोस्टच्या ढिगातच मिसळावा. ढीग तापून निवेपर्यंत त्याच्या छिद्रांत अन्नद्रव्यं मुरतात. ज्याच्या जोरावर बायोचार काम करतो, नेमकं तेच हा संदेश बंद करायला सांगतो.

"अॅमेझॉनचा पुरावा." दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन खोऱ्यातली ती सुपीक काळी माती नुसत्या कोळशाची नाही. तिथल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टाकलेली हाडं, माशांचे अवशेष, मलमूत्र आणि खापरं तिच्यात आहेत.

"उत्पादन दुप्पट." अनेक प्रयोगांच्या 2017 मधल्या एका आढाव्यात उष्ण कटिबंधात सरासरी वाढ सुमारे 25 टक्के दिसली, समशीतोष्ण भागात सरासरीत फायदा दिसलाच नाही. आम्ल, निकस जमिनीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बायोचारने वाढतो, तिथे पीक सुधारतं. सामू आधीच 8 च्या वर असेल, तर तोच गुण अंगाशी येतो: लोह, जस्त, स्फुरद पिकाला मिळेनासं होतं. माती परीक्षणाशिवाय बायोचार घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"राख चालते." नाही. राखेत कार्बन जळून गेलेला असतो, उरतात ते तीव्र अल्कधर्मी क्षार.

सुरुवात करायचीच असेल तर चौरस मीटरला साधारण 1 किलो, कंपोस्टमध्ये मुरवलेला, एकाच वाफ्यात. शेजारचा वाफा नुसत्या कंपोस्टचा ठेवा आणि दोन्हींची तोडणी वेगवेगळी तोला.