कामगारांचा इतिहास पाच मिनिटांत कसा उरकावा

सोसायटीत कामगार दिनाचा कार्यक्रम करायचाय? मग एक मे टाळा. त्या दिवशी लोक गावी जातात. पुढचा रविवार धरा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीने तेच केलं आणि गिरणी कामगार संघटनांवर बोलायला मला उभं केलं. वेळ पाच मिनिटं, मग पैठणीचा खेळ. तुम्हालाही बोलावतील, म्हणून हे चार सल्ले.

गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, त्यांचं नाव काढू नका. काढलंत तर १८८४ चं निवेदन आलं, साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, असलं साधं मागणं. रविवार मिळाला १० जून १८९० ला. मी इथवर आलो आणि सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं.

१९२८ चा सहा महिन्यांचा संप गाळा. चहा गार होतो.

इतिहास थेट १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपापासून सुरू करा आणि 'युनियनने गिरण्या बुडवल्या' म्हणून संपवा. टाळ्या नक्की. अडीच लाख माणसं संपाचे पुढारी दत्ता सामंतांकडे का गेली, हे विचारू नका. १९४६ च्या कायद्याने बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता आणि कामगारांचा तिच्यावर भरवसा उरला नव्हता, हे कशाला सांगायचं? संप चालू असताना मालक कापड कुठून विणून घेत होते? आपल्या भिवंडीच्या यंत्रमागांवरून! जुन्या यंत्रांत पैसा घालायचा नाही, जमिनीवर मात्र डोळा. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे होते, एक मोकळ्या मैदानांना, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती केली. झालं, मैदानं गेली, घरं गेली, मॉल आले. बुडवल्या कुणी? युनियनने! वा!

चपला-बूट शिवणाऱ्यांचा विषय नकोच. घरी बसून नगावर काम करणाऱ्यांचं कसलं आलंय मस्टर.

आणि हो, खुर्च्या मांडायला वॉचमनला बोलवा. बारा तासांची ड्युटी झालेली असली तरी.

जाऊ दे, सल्ले पुरे. अहो, त्या माणसाला आठवड्याची सुट्टी नाही. एक दिवस आला नाही की एजन्सी पैसे कापते, हे कमिटीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. विषय काढला की म्हणता, मेंटेनन्स वाढेल. वाढवा मग! पोडियमवरच्या कारंज्याला कसे निघतात पैसे?